घरच्यांनी पाठवलं नाही

खांबाला हार घालायचा की नाही, यावरून सकाळीच माझं आणि दोशी वकिलांचं वाजलं.

"अगं संजीवनी, आबांची शोकसभा, आणि आबांच्याच मैदानावरचा खांब उघडा? लोक नावं ठेवतील." झेंडूचा भलामोठा हार दोन्ही हातांवर तोलत वकील उभे होते. ते आमच्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष. जन्मात कधी मैदानात उतरले नव्हते, पण अध्यक्ष होते.

"ठेवू देत नावं. सभेनंतर पोरींचा सामना आहे. पळत येऊन खांब धरायचा, तर हातात पाकळ्या येतील आणि पोरगी आपटेल तोंडावर. आबा असते तर हा हार तुमच्याच गळ्यात घालून मोकळे झाले असते."

वकील हसले, मग त्यांचे डोळे भरले, आणि ते हार घेऊन फोटोकडे गेले. मनानं वाईट माणूस नव्हे. मी फक्कीचं घमेलं उचललं आणि रेघ पुढे ओढायला लागले. खो-खोचं मैदान आम्ही पांढऱ्या फक्कीनं आखतो. रेघ वाकडी गेली की आबा जेवायला बसत नसत. आता ते नव्हते, तरी मी दोरी लावूनच आखत होते.

आबा म्हणजे विश्वासराव खराडे, माणदेशातल्या आमच्या गावातले पीटीचे मास्तर. जिथे प्यायच्या पाण्याची मारामार, तिथे या माणसानं मैदानावर पाणी मारून पोरी खेळवल्या. घरोघरी जाऊन बापांच्या हातापाया पडले. बाप पोरींच्या अर्ध्या चड्डीला बिचकायचे, तर काकींनी, म्हणजे आबांच्या बायकोनं, गुडघ्याखाली येतील अशा चड्ड्या शिवल्या. दरवर्षी त्या बोटभर आखूड व्हायच्या, आणि बापांना पत्ता लागायचा नाही. आबा-काकींना मूलबाळ नव्हतं. मैदानाला लागूनच त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं आणि त्या घरात कायम चार-पाच पोरी जेवायला असायच्या.

राष्ट्रीय स्पर्धेत खेळलेल्या पोरीला सरकारी नोकरीत खेळाडूंची जागा मिळायची. त्या वाटेनं आबांनी किती घरं उभी केली, ते सांगत बसले तर सभा बाजूला राहील. कुणी पोलिसात गेली, कुणी रेल्वेत, कुणी वनखात्यात. नोकरी लागलेल्या पोरीनं गावात आल्यावर आधी मैदानावर यायचं, खांबाशी नारळ फोडायचा आणि मग घरी जायचं, ही आमची रीत. नारळ सोलून हातात द्यायचं काम माझ्याकडे असायचं. माझा स्वतःचा नारळ काही फुटला नाही. राज्याच्या संघातली निवड माझ्या हातातोंडाशी आली होती आणि गेली होती. तो विषय मी काढत नसे आणि माझ्यापुढे कुणी काढत नसे.

तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. मुलींच्या शाळेत तासिकेवर खेळ शिकवत होते, तेही आबांनीच शब्द टाकून मिळवून दिलेलं. सकाळ-संध्याकाळ मैदानावर पोरी घडवत होते. लग्नाचं कुणी विचारलं की आबा म्हणायचे, "तिचं लगीन कवाच लागलंय ह्या मैदानाशी," आणि सगळे हसायचे. मीही हसायची.

मग त्या वर्षी नंदुरबारकडच्या एका आश्रमशाळेत क्रीडाशिक्षकाची कायमची जागा मला मिळाली. कुणाचा शब्द नाही, शिफारस नाही, माझ्या परीक्षेवर मिळाली. आणि त्याच आठवड्यात आबा दवाखान्यात पडले. मी त्यांना सांगायला गेले, तर त्यांना आधीच कळलं होतं. त्यांनी माझा हात धरला.

"संजे, तू गेलीस तर मैदान ओस पडंल गं."

"न्हाई जात, आबा."

"शब्द?"

"शब्द."

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. आज सभेत वकील जाहीर करणार होते, की इथून पुढे मैदान संजीवनी बोडरेच्या हवाली, आणि मी उठून चारचौघांत हो म्हणायचं होतं. एकदा हो म्हटलं की नंदुरबार संपलं. तिकडे हजर व्हायला दोन-तीनच दिवस उरले होते. बॅग मी भरली नव्हती. माझ्या सगळ्यात वाईट दिवसांत ज्या माणसानं मला उभं केलं, त्याला दिलेला शब्द मोडायचा विचारही माझ्या मनाला शिवला नव्हता.

दहाच्या सुमाराला रजनी आली. रजनी काटकर, सोलापूरला पोलीस निरीक्षक. गाडी लांब उभी करून, बूट हातात घेऊन, अनवाणी मैदानात शिरली आणि माझ्या गळ्यात पडून हमसून रडली. तिचा बाप विहिरीचं काम करताना दरड कोसळून गेला होता. घरात आई आणि दोन लहान भाऊ. आबांनी तिला स्वतःच्या घरी आणून ठेवलं, खेळवलं, नोकरीला लावलं. भाऊ शिकले, बहकले नाहीत. तिनं रडायचं नाही तर कुणी रडायचं?

लिंबाच्या सावलीत आम्ही बसलो. माझे हात फक्कीनं पांढरेफटक झाले होते. ती आपल्या रुमालानं ते पुसत बसली.

"संजे, एक बोलू का? लई वर्षं पोटात ठेवलंय."

"बोल की. पोलिसाला कोण अडवतंय?"

ती हसली नाही. "आबांनी मला शपथ घातली होती. म्हणाले होते, संजीपुढं हा विषय काढू नगं, तिच्या जखमेवरची खपली निघंल. पण आता आबाच नाहीत. मला आज सभेत बोलायचंय, तर तुझं नाव घेतल्याशिवाय कशी बोलू? तुझ्या घरच्यांनी त्या वेळी तुला पाठवलं असतं ना, तर आज या गाडीत तू बसली असतीस. मी राखीव होते गं. तुझ्या जागेवर गेले."

"कुणाच्या घरच्यांनी?"

"तुझ्या. तात्यांनी. पोरगी एवढ्या लांब धाडत नाही म्हणाले ना? आबा स्वतः आले होते तुमच्याकडं समजूत घालायला. दोनदा."

तात्या माझे वडील. गवंडी होते. मी राज्याच्या निवड चाचणीला जाऊन आल्याबरोबर, निवड होणारच हे गृहीत धरून, त्यांनी साताऱ्याहून माझ्यासाठी पांढरे बूट आणले होते आणि गल्लीत प्रत्येकाला उघडून दाखवले होते. ते तात्या नाही म्हणणार?

आणि आबा आमच्या घरी आले होते, ते खरंच होतं. संघाची यादी जिल्ह्याच्या संघटनेकडे यायची, आणि जिल्ह्याची संघटना म्हणजे सगळी आबांच्या खिशात. ते आमच्या उंबऱ्यावर बसले होते आणि म्हणाले होते, "संजे, पुण्या-मुंबईच्या लोकांनी दगा दिला. तुझं नाव कापलं. रजनीचं राखीव म्हणून राहिलं, तेवढंच." मग ते रडले होते. माझ्या ओढणीनं मी त्यांचे डोळे पुसले होते. तात्या मरेपर्यंत निवड समितीच्या नावानं बोटं मोडत होते. पुढे एका स्पर्धेत पुण्याच्या एका मुलीनं मला विचारलं होतं, "काय गं, आता घरचे येऊ देतात का?" मी म्हटलं, "माझे घरचे कधी नाही म्हणतात?" ती चमकून माझ्याकडे बघत राहिली. मी तेही विसरून गेले होते.

"रजे," मी म्हटलं, "तात्यांनी माझं अंथरूण बांधून ठेवलं होतं."

तिचा रुमालाचा हात थांबला. पोलिसातली बाई, तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"संजे, मला ठाऊक नव्हतं. आईची शपथ."

"मला माहितीय गं," मी म्हटलं. ते खरंच होतं. तिच्यावर माझा राग नव्हता. निदान त्या वेळी तरी नव्हता.

मी उठून काकींच्या घरात गेले. काकी चुलीपुढे बसून सामन्यातल्या पोरींसाठी शेंगदाणे भाजत होत्या. तेरावं नुकतंच झालेलं, कपाळ मोकळं, पण पोरी उपाशी खेळता कामा नयेत.

"काकी, त्या वर्षी माझी निवड झाली होती?"

उलथनं क्षणभर थांबलं, मग परत फिरायला लागलं. "रजीनं सांगितलं व्हय?"

"तुम्ही सांगा."

"झाली हुती, बाय."

इतक्या साध्या आवाजात त्या म्हणाल्या, की मला वाटलं माझी ऐकण्यात चूक झाली. मी भिंतीला टेकून खाली बसले.

"का केलं असं?"

"रजीचा बाप गेल्याला. आईच्या पदरात दोन पोरं. तुझा बाप धडधाकट हुता. ह्येंनी लई इचार केला, संजे. दोन दिस अन्नाला शिवलं न्हाईत."

"मला विचारायचं होतं. मी दिली असती जागा."

"त्येच म्हनलं ह्ये. इचारलं तर ती हो म्हनंल, आन मग जन्मभर मनात ठिवंल. त्यापरीस न सांगितल्यालं बरं."

"माझ्या बापाचं नाव का घेतलं मग? तो दारोदार माझे बूट दाखवत फिरला होता, काकी."

काकींनी कढई खाली उतरवली. मग माझ्याजवळ सरकून बसल्या आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, जणू माझं सांत्वन करताहेत अशा आवाजात म्हणाल्या, "खरं सांगू का? निस्तं रजीपायी न्हवतं त्ये. तू गेली असतीस तर परत आली नसतीस. ह्ये म्हनायचं, बाकीच्या पोरी खेळत्यात, संजी खेळ वळखती. माझ्यामागं शिकवायला हीच. म्हनून तुला राखली. तू वाईट म्हनून न्हवं गं, समद्यात चांगली तू, म्हनून."

हे सांगताना काकींना मला मान दिल्यासारखं वाटत होतं, आणि ते त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं.

मला मात्र संताप आला. असा संताप मला आधी कधी आला नव्हता आणि पुढेही आला नाही. रजनीसाठी जागा घेतली असती, तर एक वेळ मी ते गिळलं असतं. पण मला ठेवून घेण्यासाठी घेतली होती. शाळेतले ते तासिकेचे तास, ते "मैदानाशी लगीन", दवाखान्यात हातावर घेतलेला शब्द, सगळं एकाच माळेतलं होतं. आबांचा हात किती सढळ, हे मी जवळून बघत आले होते. तो कुणाच्या ताटातलं वाढत होता, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. तो जिवंत असता, तर मी मैदानाच्या मधोमध उभं राहून त्याला विचारलं असतं, आणि त्यानं रडून दाखवलं असतं तर या खेपेला मी डोळे पुसले नसते.

"आज बोलू नगंस, संजे," काकी म्हणाल्या. "आजचा दिस त्येंचा हाय."

"आणि माझा कुठला, काकी?"

मूठभर शेंगदाणे त्यांनी माझ्या हातात दिले, लहानपणी द्यायच्या तसे. मी ते परत कढईत टाकले आणि बाहेर आले.

दुपारी सभा भरली. मैदानाच्या कडेला मांडव, खाली सतरंज्या, माणसं मावेनात. एकेक जण उठत होता. रेल्वेतली एक म्हणाली, "आबा नसते तर मी खुरपत असते." वनखात्यातली म्हणाली, दारूड्या बापापासून आबांनी तिला सोडवलं. सगळं खरं होतं. एकही वाक्य खोटं नव्हतं आणि त्याचाच मला जास्त त्रास होत होता. रजनीचं नाव पुकारलं, तेव्हा ती उठली, फोटोपुढे उभी राहिली, हात जोडले आणि न बोलता येऊन बसली. लोकांना वाटलं, दुःखानं घसा दाटला.

मग दोशी वकिलांनी माइक घेतला. "आणि आता, आबांची सावली म्हणून जिला अवघा तालुका ओळखतो, ती संजीवनी. आजपासून हे मैदान तिच्या हवाली. ये बाळ, दोन शब्द बोल."

मी उठून व्यासपीठावर गेले. घरातून सभेपर्यंत येताना मी काही ठरवलं नव्हतं. पण समोर तात्यांच्या गल्लीतली माणसं बसलेली दिसली. तेच ते, ज्यांना तात्यांनी बूट दाखवले होते आणि ज्यांनी पुढे चारदा हसून विचारलं होतं, "काय रे, गेली का पोरगी?"

"मी भाषण करणारी बाई नव्हे," मी म्हटलं. "एकच सांगायचंय. रजनी ज्या जागेवर राष्ट्रीय स्पर्धेला गेली, ती जागा माझी होती. निवड माझी झाली होती. आबांनी वर कळवलं, घरचे पाठवत नाहीत म्हणून. मला येऊन सांगितलं, नाव कापलं म्हणून. माझ्या बापानं कधी नाही म्हटलं नव्हतं. आबांनी मला विचारलं नाही. माझं होतं ते घेतलं आणि दुसरीला दिलं. मला हे आज सकाळी कळलं."

मला वाटलं, आता कुणीतरी उठेल, ओरडेल, मला खाली बसवेल. मी तयार होते.

मागच्या बाजूला कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्यानं. मग सगळा मांडव टाळ्या वाजवायला लागला. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं पदर डोळ्यांना लावला आणि शेजारणीला म्हणाली, "बघ गं, केवढं मन!"

वकील माझ्या हातातल्या माइकवर वाकले. "मंडळी, असा गुरू आणि अशी शिष्या! स्वतःच्या तोंडचा घास मैत्रिणीच्या मुखी घातला, आणि इतकी वर्षं कुठे ब्र काढला नाही. याला म्हणतात त्याग!"

"मी घातला नाही, वकीलसाहेब," मी माइकमध्येच म्हटलं. "माझ्या तोंडचा काढून घेतला."

"हाच तिचा मोठेपणा!" वकील म्हणाले, आणि टाळ्या आणखी वाढल्या.

काकी फोटोशेजारी बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले. त्यांना वाटलं, मी सगळं पोटात घातलं. अख्ख्या मांडवात टाळ्या न वाजवणारी एकटी रजनी होती. ती मान खाली घालून स्वतःच्या तळहातांकडे बघत होती.

मी टाळ्या ओसरायची वाट बघितली. त्या ओसरेनात, तेव्हा मी टाळ्यांवरच बोलले.

"मला नंदुरबारला नोकरी लागलीय. जाणार नाही असा मी आबांना शब्द दिला होता. तो मी मोडतेय. उद्या सकाळच्या गाडीनं जातेय. मैदानाचं तुम्ही बघा."

टाळ्या थांबल्या. वकील हातानं माइक झाकत माझ्याजवळ सरकले. "अगं, काय बोलतेस हे? आजच्या दिवशी? त्या माणसानं काय नाही केलं तुझ्यासाठी?"

जे सांगायचं होतं ते सांगून झालं होतं आणि त्यांनी त्यावर टाळ्या वाजवल्या होत्या.

"चांगले पांग फेडलेस गं बाई आबांचे," पुढच्या रांगेतून आवाज आला. मी बघितलं. डोळ्यांना पदर लावणारी तीच बाई होती. पदर अजून तिच्या हातातच होता.

मी माइक वकिलांकडे दिला आणि व्यासपीठावरून उतरले. माणसांनी पाय आखडून वाट करून दिली, पण वर कुणी बघितलं नाही. मला कुणी अडवलंही नाही. आबा असते तर त्यांनी अडवलं असतं, आणि मी थांबले असते. ते कळत होतं म्हणूनच मला चालता चालता रडू आवरेना.